कबरीमार्फत

"आपल्या खानदानात आजवर कोनाले क्यान्सर झाला नाई, अन् होनारबी नाई. हे मी लिहून देतो."

नत्थूजींनी हे अंगणातल्या एकुलत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जाहीर केलं, तेव्हा वर्ध्याच्या दवाखान्याचा रिपोर्ट त्यांच्याच मांडीवर होता. तो त्यांनी उलटा धरला होता. सुलटा धरला असता तरी फार फरक पडला नसता, कारण तो इंग्रजीत होता. पण निदान कागदाला बरं वाटलं असतं.

समोर ओट्यावर त्यांचे धाकटे भाऊ वासुदेवराव बसले होते. वासुदेवराव कुठेही बैठकीत बसल्यासारखे बसत आणि कोणत्याही बोलण्याला "हो" म्हणत. विहिरीजवळ नत्थूजींच्या पत्नी मंदाबाई भांडी घासत होत्या. आणि स्वयंपाकघराच्या दाराआड, डोक्यावरचा पदर पुढे ओढून, वासुदेवरावांची बायको पंचफुला उभी होती. बैठक तिच्याच डाव्या छातीतल्या गाठीवर भरलेली असल्यामुळे तिला अर्थातच बैठकीत जागा नव्हती.

लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून, तीसेक वर्षांत, पंचफुला नत्थूजींशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं, रीत होती. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. त्याच्यासमोर तोंड उघडं टाकायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. पण एका छपराखाली राहायचं, एकाच वावरात खपायचं म्हणजे बोलल्यावाचून भागत नाही. त्यासाठी मधे कोणीतरी लागतं. आधी सासू होती. सासू गेल्यावर पोरी होत्या. शेवटची पोरगी अंजू लग्न होऊन वर्ध्याला नालवाडीत गेली, तेव्हापासून हे काम बकरीकडे आलं होतं. बकरीचं नाव कबरी. या कामाला ती सासूपेक्षा फार बरी होती, कारण ती ऐकलेलं दुसरीकडे सांगत नसे.

"कबरे," पंचफुला दाराआडून म्हणाली, "इच्यार, मंग मांडीवर काय हाये? बियान्याचं बिल हाये काय?"

नत्थूजींनी बकरीकडे पाहिलं. "कबरे, तिले सांग, मी खानदानाचं बोलून राह्यलो. ती बाहेरून आली. हा रोग तिच्या माहेरचा होये."

"कबरे, सांग, इतके वर्सं भाकरी थापल्या तवा मी या घरची. गाठ निघाली का माहेरची."

कबरीने शेवग्याचा पाला ओढला.

गाठ निघाली होती माघातल्या शेवटच्या वेचणीत. कापूस वेचताना बाई पोटाशी ओटी बांधते. म्हणजे एक मोठं फडकं, त्याची दोन टोकं कमरेला आणि दोन खांद्यावरून घेऊन मानेमागे. ओटी भरत जाते तसा खांद्यावरचा बंद छातीवर रुतत जातो. त्या दिवशी बंद रुतला तिथे तिच्या हाताला सुपारीएवढं काहीतरी कठीण लागलं. तिला वाटलं, बोंडाचा देठ गेला असेल आत. तिने झंपर झटकला. सुपारी पडली नाही. तिने संध्याकाळी मंदाबाईंच्या हाताला ती लावली. मंदाबाई म्हणाल्या, "दुखते काय?" ती म्हणाली, "नाई." मंदाबाई म्हणाल्या, "मंग उद्याच जा. दुखलं असतं तं परवा म्हटलं असतं." अंजूने नालवाडीहून येऊन तिला दवाखान्यात नेलं, तिथे सुई घालून तुकडा घेतला, आणि तुकड्याने काय ते सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा दाखवल्या होत्या. एक, गाठ आणि तिच्या भोवतीचं थोडं काढायचं, बाकी ठेवायचं, आणि नंतर काही आठवडे रोज मशीनचा शेक घ्यायचा. दुसरी, सगळंच काढून टाकायचं. विचार करून, नवऱ्याला घेऊन या, असं त्यांनी सांगितलं होतं. पंचफुलाने येऊन ते नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "हो." आणि मग ते नत्थूजींच्या कानावर गेलं, आणि खुर्ची अंगणात आली.

"ऐक वासुदेवा," नत्थूजी म्हणाले. ते एकदा ग्रामपंचायतीला तिसऱ्या वॉर्डातून उभे राहिले होते. पडले होते, पण आवाज त्यांनी परत केला नव्हता. "गुलाबी अळी आल्ती त्या साली आपुन काय केलं? एकेक बोंड पाह्यत बसलो काय? अख्खी पऱ्हाटी उपटली. शेताच्या हापिसानं तसंच सांगतलं होतं. हेबी तसंच. तो पूरा भाग काढून टाकाचा. विषय संपला."

ते "भाग" म्हणत, जणू गावचा तिसरा वॉर्ड.

"हो," वासुदेवराव म्हणाले.

"कबरे," दाराआडून आवाज आला, "इच्यार, त्या साली उपटाच्या आंधी वावरात कोन होतं? मी अन् मंदाबाई होतो. अळीनं खाल्लेली कवडी एकीकडं काढली, पांढरा कापूस एकीकडं. त्या पांढऱ्यावर या घरची दिवाळी झाली. इच्यार, याइचा झब्बा कशातून आला होता."

नत्थूजींनी नकळत झब्ब्याची बाही पाहिली. तो तोच झब्बा होता.

"कबरे, तिले सांग, हे नखरे करायचं वय नाई. पोरी गेल्या आपल्या घरी. आता त्या भागाचं काम तरी काय उरलं हाये?"

वासुदेवरावांनासुद्धा "हो" म्हणायला वेळ लागला, आणि तो वेळ इतका लांबला की "हो" राहूनच गेलं.

"कबरे," पंचफुला शांतपणे म्हणाली, "भासऱ्याच्या मिशीचं या वयात काय काम हाये, ते आंधी इच्यार. मंग माह्य सांगतो."

विहिरीजवळ घासायला घेतलेला गंज मोठ्याने वाजला. मंदाबाईंच्या हातून तो पडला, की त्यांनी हसू झाकायला पाडला, ते कळलं नाही.

बैठक उठली तेव्हा पंचफुला चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. का ठेवायचं, हे तिला कोणी नीट विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. शौक म्हणाल तर आरशापुढे ती कुंकवापुरती उभी राहणारी बाई. पण सातबारावर तिचं नाव नव्हतं. घरावर नव्हतं. पहाटे जिचं दूध ती काढायची, त्या कबरीच्या कानातसुद्धा जनावरांच्या सरकारी दवाखान्याने नत्थूजींच्या नावाचा बिल्ला टोचलेला होता. हे अंग तेवढं कोणाच्या नावावर नव्हतं, असं तिला आजपर्यंत वाटत होतं. आज त्याच्यावरही खुर्ची टाकून बैठक भरली, आणि ठराव पास झाला. तिने भाकर तव्यावर टाकली ती जरा जोरातच.

*

दवाखान्यात जायच्या दिवशी नत्थूजी आपणहून निघाले. खिशाला पेन लावलं. मोठ्या माणसाची सही लागेल म्हणून.

डॉक्टरीणबाई वयाने अंजूएवढ्याच. समोर तीन खुर्च्या होत्या, त्यातल्या मधल्या खुर्चीवर नत्थूजी बसले. पंचफुला कडेच्या खुर्चीवर, पदर ओढून. वासुदेवराव दुसऱ्या कडेला, आणि अंजू मागे उभी.

"मग, काय ठरलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमचं ठरलं, म्याडम. पूरं काढाचं," नत्थूजी म्हणाले.

"गाठ तुम्हाला आहे का?"

"मले काऊन राहीन? तिले हाये."

"मग त्यांना बोलू द्या."

पंचफुलाने इकडेतिकडे पाहिलं. खोलीत वजनाचा काटा होता, पडदा होता, छातीचं चित्र होतं, बकरी नव्हती. तिने डॉक्टरीणबाईंकडे तोंड केलं. "म्याडम, त्याइले सांगा, माह्य अजून ठरलं नाई. मले आंधी काई इच्याराचं हाये."

"ते तुमच्या शेजारीच बसलेत. त्यांना ऐकू आलं."

"आमच्याकडं असंच असते, म्याडम," अंजू मागून म्हणाली. "तुमी नुसती मान हलवत जा."

डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला आणि मान हलवली. कबरी पाला खाता खाता हलवायची, तशीच.

"मले एक खरं सांगा," पंचफुला म्हणाली. "ठेवलं तं मी लवकर मरीन काय?"

"नाही. तुमची गाठ लहान आहे, एकाच जागी आहे. अशा वेळी गाठ काढून शेक दिला काय किंवा पूर्ण काढलं काय, जगण्याच्या बाबतीत दोन्ही सारखंच. पण ठेवायचं म्हटलं तर शेक चुकवायचा नाही, एक दिवससुद्धा. आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासतात. कडेला काही सापडलं तर पुन्हा ऑपरेशन. बगलेतलंही थोडं काढून पाहावं लागेल, ते दोन्हीत लागतं. सलाइनमधून औषध द्यायचं का, ते रिपोर्टवर."

"अन् वेचनी?"

"काय?"

"कापूस वेचते आई," अंजू म्हणाली. "हात चालन काय, ते इच्यारून राह्यली."

"चालेल. व्यायाम सांगते तो केला तर. हाताला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, सूज आली तर लगेच यायचं."

पंचफुलाने मांडीवरचा हात पाहिला. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांभोवती जन्मभर ओरखडलेला हात. आता म्हणे त्याला जखमा होऊ द्यायच्या नाहीत.

"मंग गाठ काढा," ती म्हणाली. "बाकीचं राहू द्या."

"काऊन पन?" नत्थूजींना राहवलं नाही. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहून विचारलं. "म्याडम, तिले इच्यारा, काऊन?"

डॉक्टरीणबाईंना आता सवय झाली होती. त्यांनी पंचफुलाकडे नुसतं पाहिलं.

"माह्य हाये म्हनून," पंचफुला म्हणाली.

नत्थूजींनी भावाकडे पाहिलं. भाऊ छताच्या पंख्याकडे पाहत होता. पंखा बंद होता. सही पंचफुलाची लागली. ती तिने अंजूच्या पेनने, एकेक अक्षर थांबून, केली. नत्थूजींचं पेन खिशाला लावून आलं होतं तसंच लावून गेलं.

*

गावात बातमी त्यांच्या आधी पोचली. पंचफुलाने ठेवायचं ठरवलं, हे गावाला रोगापेक्षा जास्त लागलं. रोग होतो, कोणालाही होतो. पण नातवंडं झालेल्या बाईने ते ठेवायचं म्हणजे काय. पाण्याच्या टाकीजवळ रुख्माबाई म्हणाली, "काय व, पुन्हा लगन कराचं हाये काय?" पंचफुला म्हणाली, "तुह्या नवऱ्याले इच्यारून सांगतो." रुख्माबाईची घागर भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

ऑपरेशन होळीनंतर झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा आधी तिने उजव्या हाताने चाचपून पाहिलं. पट्टीखाली काहीतरी होतं. पूर्वीइतकं नव्हतं, पण होतं. ती पुन्हा झोपली.

कडांचा रिपोर्ट आला त्या दिवशी नत्थूजी वॉर्डात होते. हे त्यांचं नशीब की तिचं, कोण जाणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन बाजू स्वच्छ आहेत. एका कडेला अजून थोडं दिसतंय. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. एक तर ती कड अजून काढू, किंवा आता पूर्ण काढू. तुम्ही म्हणाल तसं."

नत्थूजी उभे राहिले. तिसऱ्या वॉर्डात आपण पडलो नव्हतो, मतमोजणी चुकली होती, असं आज इतक्या वर्षांनी कोणी येऊन सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला. "मी सांगतलं होतं," ते शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला म्हणाले. "अळी एका बोंडात नसते. मी तवाच सांगतलं होतं."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी सेलूकडची होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "बरोबर हाये बाप्पा."

पंचफुला खाटेवर पडून होती. डावा हात उशीवर ठेवलेला, बगलेतून नळी बाहेर आलेली, नळीच्या टोकाला लालसर पाण्याचा डबा. आतून पहिल्यांदा तिला वाटलं, द्यावं काढून. पुन्हा ती भूल, पुन्हा ती ओकारी, पुन्हा ही नळी. आणि वर हा माणूस जन्मभर सांगत राहणार, मी सांगतलं होतं. जीभ इतकी कोरडी होती की शब्द बाहेर यायला तयार नव्हता. ती डोळे मिटून पडली आणि तोंडातल्या तोंडात "काढून टाका" हे शब्द जुळवायला लागली.

"दादा," वासुदेवराव म्हणाले.

नत्थूजींनी मागे पाहिलं. वासुदेवरावांचं वाक्य "हो" ने सुरू झालं नव्हतं.

"दादा, तू बाह्यर जाऊन चाय पे."

"मी आत्ताच पेलो."

"मंग अजून एक पे."

नत्थूजींनी झब्ब्याची बाही सारखी केली. मग गेले. खरंच चहा प्यायले की नाही माहीत नाही; पण गेले. वासुदेवराव डॉक्टरीणबाईंकडे वळले. "कडच काढा. ती म्हनते तसं."

पंचफुलाने डोळे उघडले. "मी अजून काई म्हटलंच नाई."

"म्हनशीन न मंग," वासुदेवराव म्हणाले, आणि डब्यातल्या लालसर पाण्याकडे पाहत बसले. लग्नात अंतरपाटाकडे पाहत होते तसे.

तिने दम घेतला. "कडच काढा," ती म्हणाली.

*

दुसऱ्या खेपेला कडा स्वच्छ निघाल्या. पण बगलेतल्या तपासणीत एका गाठीत सापडलं होतं, म्हणून सलाइनी लागल्या. त्या वैशाखात सुरू झाल्या. वर्ध्याच्या वैशाखात तसंही माणसाला अन्न गोड लागत नाही. तिला तर फोडणीच्या वासानेच उलटी यायची. म्हणून फोडणी बंद झाली. मग स्वयंपाक वासुदेवरावांकडे गेला. त्यांच्या भाकरीला आर्वी तालुक्याचा आकार यायचा, मधे मधे जळलेली गावं. पंचफुला ती दुधात मोडून खायची आणि खाली राहिली तर राहिली, नाही तर परत यायची.

केस फणीबरोबर यायला लागले तेव्हा तिने मंदाबाईंना बोलावलं. "काढून टाका. रोज रोज कोन वेचन."

मंदाबाईंनी नवऱ्याचा वस्तरा आणला. अंगणात, चिंचेखाली, भर दुपारी त्यांनी जावेचं डोकं तासून त्याचा चक्क गोटा केला आणि वस्तरा धुऊन जागच्या जागी ठेवला. पुढले कितीतरी दिवस नत्थूजी दाढी करताना म्हणत की आजकाल वस्तऱ्यांना धार राहिली नाही, सगळा माल भेसळीचा येतो.

बाया पाहायला यायच्या. प्रत्येकीजवळ या रोगाने मेलेली एक ओळखीची होती. कोणाची मावस नणंद, कोणाच्या माहेरची शेजारीण. ती कशी वाळत गेली, शेवटी पाणीसुद्धा कसं गेलं नाही, हे त्या हळहळत, नीट क्रमाने सांगायच्या. पहिल्या दोघींचं पंचफुलाने ऐकून घेतलं. तिसरीपुढे तिने सुपात तुरीची डाळ घालून ठेवली. "सांगत राह्य. पन हात चालू दे. खडे पाह्यजो." मग नियमच झाला. जिची मेलेली असेल तिने डाळ निवडायची. त्या पावसाळ्यात त्या घराच्या डाळीत दाताखाली एकही खडा आला नाही. आणि पोळ्यापर्यंत गावात मेलेल्या बायांची संख्या बरीच कमी झाली.

हात मात्र वर जात नव्हता. खांद्याला कोणी आतून दोरी बांधली होती. व्यायाम असा होता की भिंतीजवळ उभं राहायचं, बोटं भिंतीवर किडीसारखी चालवत वर न्यायची, दुखेल तिथे थांबायचं, आणि थोडं अजून. पंचफुला बोटाला चुना लावून घ्यायची. जिथे हात थांबे तिथे ठिपका राही. ओसरीच्या भिंतीवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ वर चढायला लागली. कधी दोन दिवस ठिपका एकाच जागी. एकदा सलाइनीनंतर ताप आला तेव्हा चक्क खाली.

याच भिंतीला खुर्ची टेकवून नत्थूजी संध्याकाळी बसत. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा तिथे एक काळपट गोल होता, इतका जुना की सारवताना बाया त्याला वळसा घालत. ठिपके त्यांना आधी मुंग्यांची अंडी वाटले, म्हणून खडीसाखर लावून त्यांनी दोन दिवस मुंग्यांची वाट पाहिली. मग त्यांना संशय आला.

"कबरे, इच्यार, भितीवर हे काय मांडून ठेवलं? करनी-बिरनी तं नाई?"

"कबरे, सांग, माहा हात कुठवर गेला त्याची खून हाये. त्या तेलाच्या डागाच्या वर जाचं हाये मले."

नत्थूजी त्या दिवसापासून जरा बाजूला सरकून बसायला लागले. आपल्या डोक्यावरून कोणाचा हात जावा हे त्यांना पटत नव्हतं, आणि आपण तिथून उठलो असंही दिसायला नको होतं.

एकदा ओसरीत कोणी नसताना मंदाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. बराच वेळ पदराशी चाळा केला. मग म्हणाल्या, "माह्यबी पाह्य न व जरा. मले काई समजत नाई." पंचफुलाने त्यांना कसं चाचपायचं ते दाखवलं, काही लागलं नाही, तरी पुढच्या खेपेला बरोबर घेऊन गेली. नत्थूजींना सांगितलं, डोळे दाखवायला चाललो. त्यानंतर वेचणीच्या टोळीतल्या बायाही एकेक करून जाऊन आल्या. रुख्माबाई पहिली. गावातल्या पुरुषांना वाटलं, या साली बायांच्या नजरेत काहीतरी बिघाड आहे.

सलाइनी संपल्यावर ती शेकासाठी नालवाडीला अंजूकडे राहायला गेली. छातीवर डॉक्टरांनी शाईच्या रेघा मारल्या होत्या, त्या धुवायच्या नव्हत्या. अंजूची पोरगी स्वीटी म्हणे, आजीवर कोणीतरी ठिकरीचे चौकोन आखले. रोज ऑटो, रोज रांग, रोज त्या मशीनखाली हात डोक्यावर घेऊन पडायचं. तिथे पहिल्याच दिवशी डावा हात वर गेला. पूर्ण गेला. ती मशीनखाली पडून हसली तेव्हा बाहेरून आवाज आला, "आजी, हलू नका." शेवटीशेवटी कातडी काळी पडली, सोलली, झंपर लागला की आग व्हायची. तिने एकही दिवस चुकवला नाही.

ती देवळीच्या बसमधून उतरली तेव्हा वावरं पांढरी व्हायला लागली होती. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी तिने चुन्यात बोट बुडवलं आणि तेलाच्या डागाच्या वर, चांगला हातभर वर, एक ठिपका दिला.

*

पहिल्या वेच्याच्या दिवशी सीतादही असतं. वावराच्या कडेला, एका भरलेल्या पऱ्हाटीखाली पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभात दाखवायचा, दही झाडांवर शिंपडायचं. मग घरच्या बाईने पहिलं बोंड वेचून त्या खड्यांवर ठेवायचं. त्याशिवाय टोळीचा हात कापसाला लागत नाही. सासूनंतर हे पंचफुलाच करत आली होती. मान थोरल्या जावेचा. पण मंदाबाईंना दह्याच्या वासाने मळमळायचं, आणि देवीसमोर ओकारी बरी दिसत नाही.

त्या सकाळी टोळी धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, बसली होती. पंचफुलाने खडे मांडले होते, दह्याची वाटी जवळ होती, ओटीचं फडकं जमिनीवर पसरलं होतं. हातात अंजूने शिवून दिलेला कोपरापर्यंतचा कापडी मोजा. डोक्यावर पदर, पदराखाली कापून ठेवलेल्या गवतासारखे केस.

नत्थूजी ढेकळं तुडवत तुडवत आले. कबरी घरी होती, म्हणून ते बंडीच्या बैलाला म्हणाले, "ढवळ्या, सांग, या साली सीतादही मंदा करन. अशा कामाले बाई पुऱ्या अंगाची पाह्यजे. कापाकापी झालेल्या अंगानं देवाचं करू नये, असं जुने लोक सांगत."

जुन्या लोकांनी हे कधी सांगितलं ते माहीत नाही. टोळीत दोघीतिघी स्वतःच जुने लोक होत्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

वासुदेवराव बंडीजवळ दावं सोडत होते. त्यांचे हात थांबले. पण मंदाबाईच आधी बोलल्या.

"मी करू? माही पिशवी काढून किती वर्सं झाली. देवळीले तुमीच नेलतं. मी पुऱ्या अंगाची कशी?"

नत्थूजींनी हे ध्यानात धरलं नव्हतं. "मंग रुख्माबाई करन."

"माह्य बोट कडबा कुट्टीत गेलं," रुख्माबाई म्हणाली, आणि चार बोटांचा हात वर करून दाखवला.

"लीलाबाई?"

"माहा अपेंडिस काढला. अन् हे दोन दात."

"आनंदाबाई?"

आनंदाबाई टोळीत सगळ्यात म्हातारी. ती नुसतीच हसली, आणि तोंडात दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं हे सगळ्यांना दिसलं.

"तुमीच उरले," मंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "पन तुमचाबी मोतीबिंदू काढला, अन् वरची कवळी रात्री वाटीत राह्यते. आता सांगा, कोन करन. ढवळ्या तेवढा एक होता, पन त्यालेबी तुमी लहानपनीच खच्ची केलं."

टोळी खाली वाकून काहीतरी शोधायला लागली. शोधताना सगळ्यांचे खांदे हलत होते.

"ढवळ्या," पंचफुला म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "सांग, कापाचं तितकं कापून झालं. उरलं ते माह्य हाये. मी ठेवलं म्हनून हाये. याच अंगानं मी सीतादही करीन, अन् या साली वेचीनबी याच हातानं. देवीले चालत नसन तं तिनं सोता येऊन सांगावं. बैलामार्फत नाई."

ढवळ्याने शेपटीने माशी हाकलली.

नत्थूजींना आता मागे फिरणं आलं. पण मागे फिरतानाही पुढे चालल्यासारखं दिसलं पाहिजे, हे त्यांना निवडणुकीत कळलं होतं. ते दोन पावलं पुढे आले आणि टोळीला दिसेल असे उभे राहिले. घसा साफ केला.

"ठीक हाये. या घरचा कर्ता म्हनून मी परवानगी देतो. उद्या कोनी म्हनू नये का नत्थूजीनं बाईमानसाले मागं ठेवलं. जमाना बदलून राह्यला, आपुनबी बदललं पाह्यजे. मी तं पह्यलेपासून म्हनत होतो का हिंमत ठेवा. आज या घरची लक्ष्मी मरनाच्या दारातून..."

पंचफुलाने ओटीचं टोक धरून ओढलं. आलं नाही. तिने पुन्हा ओढलं. दुसरं टोक कशात तरी अडकलं होतं. तिने मान वर केली, तसा पदर मागे घसरला. तो तिने पुन्हा ओढला नाही. तिने सरळ नत्थूजींच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या हनुवटीवर एक तीळ होता. इतक्या वर्षांत हे तिला माहीत नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली.

टोळीचे खांदे हलायचे थांबले. बंडीजवळ वासुदेवरावांच्या हातातलं दावं खाली पडलं. नत्थूजींचं तोंड मरणाच्या दारात उघडं राहिलं होतं ते तसंच राहिलं.

"पाय उचला. माही ओटी तुमच्या पायाखाली हाये."